घरच्या कॉफीयंत्राची गळती

वऱ्हाडांतील घरांत सकाळचा पहिला मान चहाचा, याविषयीं वाद नाहीं. तथापि शिक्षणास अगर नोकरीस पुण्यामुंबईकडे राहून आलेल्या तरुण मंडळींबरोबर आतां वाशीमच्या एखाददुसऱ्या स्वयंपाकघरांतहि एस्प्रेसो कॉफीचें यंत्र येऊन बसूं लागलें आहे. पहिले सहा महिने त्याचें कौतुक होतें. सातव्या महिन्यांत त्याच्या बुडाशीं एक फडकें येतें. आणि वर्ष सरण्यापूर्वीं तें फडक्यासह माळ्यावर जातें. हजारों रुपयांच्या वस्तूची ही गति बहुधा एका रबरी कडीपायीं व्हावी, हें खरोखर दुःखाचें आहे.

दुरुस्तीचें दुकान जवळ नाहीं, ही सबब खोटी नव्हे. १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यापासून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. कारंज्यास जा, रिसोडास जा, मंगरूळपीरास जा. कुकर, गॅसची शेगडी, पाण्याचा पंप नीट करणारा कारागीर भेटतो, परंतु कॉफीयंत्राचा जाणता मिळणें कठीण. यंत्र खोक्यांत बांधून मोठ्या शहरीं धाडावें, तर जाण्यायेण्याचा खर्च आणि कित्येक दिवसांचा वियोग. परंतु ज्या घरीं कुकरची रिंग बदलतां येते, त्या घरीं या यंत्राच्या बऱ्याच तक्रारी घरच्या घरीं मिटवितां येतात. दोहोंचें गोत्र एकच आहे.

हें गोत्र दाबाचें. मिलान शहराच्या लुईजी बेझेरा यानें १९०१ सालीं कॉफीयंत्राचें पेटंट घेतलें. पुढें डेझिडेरिओ पाव्होनी यानें १९०५ पासून तीं यंत्रें बनविण्यास आरंभ केला. त्यांत केवळ वाफेचा जोर असे. अकिले गाज्जा याच्या दट्ट्याच्या यंत्रानें दुसऱ्या महायुद्धानंतर हा जोर कैक पटींनीं वाढविला, आणि १९६१ सालीं फाएमा कंपनीच्या यंत्रांत विजेचा पंप आला. आज घरगुती यंत्रांतहि लहानसा पंप असतो आणि कॉफीवर सुमारें ९ बार दाब पडतो. कुकरच्या रिंगेला वातावरणाहून सुमारें १ बार अधिक दाब सोसावा लागतो. या यंत्राच्या कडीला त्याच्या नऊपट. मग ती थकते यांत नवल काय?

गळती दिसली कीं पेचकस हातीं घेणें ही पहिली चूक होय. आधीं पाहावें. यंत्र कोरडें पुसून त्याखालीं पांढरा कागद पसरावा. डाग तपकिरी असेल, तर पाणी कॉफीला शिवून आलें आहे. स्वच्छ असेल, तर दोष टाकीकडे, नळ्यांकडे अगर बॉयलरकडे. यंत्र थंड असतांनाहि थेंब पडतो, तर टाकीच्या बुडची झडप किंवा तिची नळी तपासावी. तापल्यावरच पडतो, तर बॉयलरचा सांधा संशयास्पद. जेथें पांढरी खपली धरली आहे, तेथें कधीं तरी पाणी पाझरलें होतें, हें निश्चित समजावें. आणि खालचा ट्रे भरून तर वाहत नाहीं ना, हें सर्वांत आधीं पाहावें. हें सांगतांना संकोच वाटतो, परंतु कित्येकदां रोग एवढाच असतो. कांहीं यंत्रांत कॉफी संपतांच उरलेला दाब एका नळींतून फुस्सकन् ट्रेमध्यें सुटतो. ती गळती नव्हे, ती यंत्राची रीतच आहे.

सर्वांत नेहमींची तक्रार म्हणजे कॉफी काढतांना दांड्याच्या गाळणीच्या कडेनें पाणी फुटणें. गाळणींत पूड शिगोशीग भरली असली अथवा तिच्या कांठावर चिकटली असली, तरीहि असें होतें. म्हणून कांठ आधीं बोटानें पुसावा. तेवढ्यानें न भागल्यास कडीची पाळी. नवेपणीं दांडा समोर सरळ येऊन अडत असे, तो आतां फार उजवीकडे सरकूं लागला असेल, तर कडी झिजली किंवा ताठरली असें समजावें. यंत्राची वीज तोडून, म्हणजे केवळ बटण दाबून नव्हे तर प्लग उपसून, तें पुरें निवूं द्यावें. वाफेचा नळ उघडून उरलेला दाब घालवावा. ही सावधगिरी ज्यास जाच वाटेल त्यानें यंत्र उघडूंच नये; वाफेनें भाजलेला हात कॉफीच्या कोणत्याहि प्याल्याहून महाग पडतो. मग मुखांतील जाळीचा स्क्रू सोडवून जाळी उतरवावी आणि खांचेंतील कडी दाभणानें एका बाजूनें उचकावी. जुनी कडी पुष्कळदां तुकड्यातुकड्यांनीं निघते. खांचेंतील काळीं पुटें ब्रशनें खरवडून टाकावीं, नाहीं तर नवी कडीहि वांकडी बसते. दाणा चिखलदऱ्याचा असो वा कूर्गचा, त्याचें तेल उष्णतेनें करपून येथें राळेसारखें घट्ट होतें.

वाफेच्या नळीचा नळ बंद करूनहि थेंब गळत राहिला, तर आंतील वॉशर झिजला असावा, अथवा त्याच्या बैठकींत क्षाराचा कण अडकला असावा. आणि क्षार म्हटला कीं वाशीमची खरी गोष्ट सुरू होते.

ही भूमि काळ्या बसाल्ट खडकाची. पावसाचें पाणी त्याच्या फटींतून झिरपतांना कॅल्शियम व मॅग्नेशियम पोटांत घेतें. शहराला एकबुर्जी धरणाचें पाणी मिळत असलें, तरी ज्या घरीं तें अपुरें पडतें, तेथें विहिरीकडे वा कूपनलिकेकडे वळणें भाग पडतें. हें पाणी तापलें कीं त्यांतील विरघळलेला चुना दगड होऊन बसतो. आजीच्या तांब्याच्या बंबांत तो बसत असे, गिझरच्या कांडीवर बसतो, तसाच या यंत्राच्या सुईएवढ्या वाटांतहि. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणें कठीणपणा लिटरमागें २०० मिलिग्रॅमपर्यंत इष्ट, आणि दुसरा उपायच नसेल तर ६०० पर्यंत चालतो. माणसाला चालणारें हें पाणी यंत्राला मात्र मारक ठरूं शकतें.

यावर पुष्कळ घरीं सरळ आर.ओ.चें पाणी टाकीत ओततात. हा उपाय दिसतो तितका निर्दोष नाहीं. क्षार अगदींच गेले कीं कॉफी बेचव लागते. शिवाय कांहीं यंत्रांत पाण्याची पातळी विजेच्या कांट्यानें ओळखली जाते, आणि अतिशुद्ध पाण्यांतून वीज नीट वाहत नसल्यानें भरलेली टाकीहि यंत्राला रिकामी भासते. आर.ओ.च्या पाण्यांत थोडें नळाचें गाळलेलें पाणी मिसळणें बरें.

बसलेला क्षार काढण्याचें तत्त्व घरोघरच्या बायकांना ठाऊकच आहे. तांब्याचीं भांडीं चिंचेनें घांसतात तें आम्लाच्या बळावरच. येथें चिंच चालणार नाहीं, लिंबूसत्त्व चालतें. एक लिटर पाण्यांत सुमारें २० ग्रॅम विरघळवून थोडें यंत्रांतून काढावें, वीस मिनिटें थांबावें, पुन्हां काढावें; शेवटीं दोन टाक्या साधें पाणी जाऊं द्यावें. मात्र बॉयलर ॲल्युमिनियमचा असेल, तर यंत्राबरोबरच्या पुस्तिकेंत काय सांगितलें आहे तें आधीं वाचावें. फार जुना थर एकदम सुटला, तर त्याचे कपचे पुढील झडपेंत अडकतात आणि गळती नव्हती तेथें सुरू होते. म्हणून हें काम दोन-तीन महिन्यांनीं नेमानें करणें हितकर.

बॉयलरचाच सांधा फुटला असेल किंवा विजेच्या तारांपर्यंत ओल पोंचली असेल, तर घरच्या हातानें थांबावें आणि यंत्र टाकी रिकामी करून, सुकवून शहरीं पाठवावें. बाकी कडीचें काम घरचेंच. तिचें माप सर्वत्र एक नसतें. गाळण्या कोठें ५१, कोठें ५४, कोठें ५८ मिलिमीटरच्या, आणि जाडीहि निरनिराळी. म्हणून जुनी कडी केरांत टाकण्यापूर्वीं तिचा व्यास व जाडी मोजून पुस्तिकेच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवावी, आणि मागवितांना एकाऐवजीं दोन मागवाव्या.