नाव कमावणे आणि नाव पांघरणे



यंदाच्या मालेत 'कीर्ती' या विषयावर बोलावे, असे चिटणीसांनी आम्हांस कळविले, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा एखादा संतकवी, निदान एखादा नाटककार असावा. आम्ही उलटटपाली कळविले की, आम्ही फ्रेडी मर्क्युरी या इंग्लंडातील पॉप-गायकावर बोलू. चिटणीस सज्जन गृहस्थ आहेत. त्यांनी 'ठीक आहे' एवढेच लिहिले. पण त्या दोन शब्दांतली काळजी आम्हांस दिसली. तेव्हा हा विषय का घेतला, हे आधी सांगितले पाहिजे.

आमच्या शेजारी एक मुलगा राहतो. आवाज चांगला आहे, गातोही मनापासून. गेल्या वर्षी त्याने एका शिकवणीवर्गाला बरेच पैसे भरले. तेथे गाणे शिकवीत नाहीत. स्वतःची नाममुद्रा, म्हणजे ब्रँड, कसा उभारावा ते शिकवितात. त्या मंडळींनी त्यास सांगितले की, तुझे आडनाव गावंढळ वाटते, ते टाक. गाव कोणते ते सांगू नकोस. रोज एक चित्रफीत लोकांपुढे आलीच पाहिजे, गाणे नसले तरी चालेल. पोराने सगळे ऐकले. आता त्यास एक चकचकीत नवे नाव आहे आणि आजीने जुन्या नावाने हाक मारली की तो पटकन ओ देत नाही. आम्ही याबद्दल नाक मुरडले, तेव्हा तो म्हणाला, "काका, फ्रेडी मर्क्युरीनेही नाव बदललेच होते ना? आणि तो तर आपल्या पाचगणीच्या शाळेत होता." आम्हांस त्या वेळी उत्तर सुचले नाही. मग आम्ही त्या गायकाचे चरित्र धुंडाळले, त्याची गाणी ऐकली. काही आवडली, काहींनी कान किटले. आज जे सांगणार आहोत ते त्या मुलास द्यावयाचे राहून गेलेले उत्तर आहे.

आपल्या भाषेत नावाचा व्यवहार मोठा आहे. मूल जन्मले की बाराव्या दिवशी आपण नाव ठेवतो आणि ते मोठे झाले की त्यास नावे ठेवतो. कोणी नाव काढतो, कोणी कमावतो, कोणी बुडवतो. पण या साऱ्यांत नाव देणारे आणि नाव घेणारे लोक असतात. नारायण श्रीपाद राजहंस 'बालगंधर्व' झाले ते लोकमान्यांच्या तोंडून, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पदवी ऐकणाऱ्याने द्यायची, गाणाऱ्याने ती मान लववून घ्यायची, अशी आपली रीत. स्वतःच स्वतःस पदवी देऊन मोकळे होणे आपणांस रुचत नाही. फ्रेडीने मात्र नेमके तेच केले. म्हणून त्याची गोष्ट आपणांस थोडी अडखळवते.

त्याचे पाळण्यातले नाव फारोख बुलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार बेटावर. आईबाप पारशी, गुजरातेतल्या बलसाड गावावरून आडनाव पडलेले. वडील तेथे इंग्रज सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. मुलगा आठेक वर्षांचा झाला तेव्हा त्यास बोटीने मुंबईस आणि तेथून घाट चढवून पाचगणीला सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात ठेवले. पाचगणी आपण सर्वांनी पाहिली आहे. टेबललँडवर घोड्यावर बसून फोटो काढून घेतले आहेत. त्या थंड, धुकट गावात हा समुद्राकाठचा मुलगा वर्षानुवर्षे राहिला. तेथेच तो पियानो शिकला, आणि १९५८ साली शाळूसोबत्यांना घेऊन त्याने 'द हेक्टिक्स' नावाचा वाद्यवृंद काढला.

आणखी एक गोष्ट तेथेच झाली, आणि आमच्या आजच्या विषयाच्या दृष्टीने ती फार महत्त्वाची आहे. सोबत्यांनी त्यास 'फ्रेडी' म्हणावयास सुरुवात केली. म्हणजे जे नाव पुढे जगभर गाजले त्याचा पहिला अर्धा भाग कोणा जाहिरातवाल्याने दिलेला नाही. तो पाचगणीच्या पोरांनी, खेळता खेळता, जिभेला सोपे पडते म्हणून दिलेला आहे. आपल्या रीतीप्रमाणे तो लोकांनीच दिला, असे म्हणावयास हरकत नाही.

दुसरा अर्धा भाग त्याने स्वतः घडविला. १९६४ साली झांझिबारात क्रांती झाली आणि हे कुटुंब जीव वाचवून लंडनजवळ फेल्टम येथे येऊन राहिले. फारोखने ईलिंगच्या कलाशाळेत जाहिरात आणि मुद्रणासाठी लागणाऱ्या चित्रकलेचे, ज्यास ग्राफिक डिझाइन म्हणतात त्याचे, शिक्षण घेतले. १९६९ साली पदविका मिळविली. हे ध्यानात ठेवा. पुढे १९७० साली वाद्यवृंद जमला तेव्हा त्याचे 'क्वीन' हे नाव यानेच सुचविले. सोबती कचरत होते, कारण त्या शब्दाला इंग्रजी बोलीत एक चावट अर्थही आहे. तो यास ठाऊक नव्हता असे नाही. मग त्याने वृंदाचे मानचिन्ह स्वतः रेखाटले. चौघांच्या पाश्चात्य राशी घेतल्या : दोघे सिंहेचे म्हणून दोन सिंह, एक कर्केचा म्हणून खेकडा, आणि स्वतः कन्येचा म्हणून दोन पऱ्या; मध्ये मुकुट घातलेले 'क्यू' अक्षर आणि वर पंख पसरलेला अग्निपक्षी. एखाद्या संस्थानिकास शोभावे असे ते चिन्ह आहे, आणि तेव्हा या संस्थानिकाची मिळकत म्हणजे केन्सिंग्टनच्या बाजारात जुने कपडे विकण्याचा एक गाळा!

याच सुमारास बुलसारा गेले आणि मर्क्युरी आले. मर्क्युरी म्हणजे बुध. कन्या राशीचा स्वामी बुध, हे आपल्याकडचा कोणीही जोशी सांगेल. आणि मर्क्युरी म्हणजे पाराही. चिमटीत न सापडणारा. हा अर्थ त्याच्या मनात होता की नाही, याची चौकशी आम्ही करीत नाही. आयुष्यभर तो वागला मात्र तसाच.

आता आमच्या शेजारच्या मुलाचा प्रश्न येथे उभा राहतो. याने आपले घराणे लपविले का? मुलाखतींत तो झांझिबारविषयी क्वचित बोले, पाचगणीविषयी त्याहून क्वचित. त्याच्या हयातीत 'क्वीन' जपानला गेले, दक्षिण अमेरिकेत गेले, १९८६ साली लोखंडी पडद्याआड बुडापेस्टलाही गाऊन आले. हिंदुस्थानात एकदाही आले नाही. तेव्हा 'आमच्या पाचगणीचा फ्रेडी' असे आपण छाती फुगवून म्हणतो, त्यात त्याच्याकडून आलेले काही नाही, ही गोष्ट आम्ही स्वाभिमान थोडा बाजूस ठेवून कबूल केली पाहिजे.

परंतु त्याबद्दल त्यास दोष देण्यापूर्वी तो काळ पाहा. १९६८ साली इनॉक पॉवेल यांनी काळ्या-सावळ्या आगंतुकांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण केले. आशियातून आलेल्या माणसाला रस्त्यात शिवी ऐकावी लागे, प्रसंगी मारही खावा लागे. पुरुषाचे पुरुषावर प्रेम असणे हा १९६७ पर्यंत तेथे तुरुंगवासाचा गुन्हा होता, आणि कायदा बदलला तरी लोकांची दृष्टी त्याच वर्षी बदलली नाही. या माणसास दोन्ही बाजूंनी धोका होता. त्याने जे नाव घेतले ते मिरविण्यासाठी घेतले हे खरे, पण अंगावर पांघरण्यासाठीही घेतले. येथे निवांत खुर्चीवर बसून त्यास 'लाज वाटली' म्हणणे आम्हांस जमणार नाही. आमच्या शेजारच्या मुलाचे आडनाव मात्र कोणाच्या डोळ्यांत खुपत नव्हते. ते खुपते असे त्यास पैसे घेऊन शिकविले गेले.

आणि पांघरलेल्या त्या नावाखाली काम किती होते! 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे १९७५ सालचे गाणे जवळजवळ सहा मिनिटांचे. त्या वेळी आकाशवाणीवर तीन मिनिटांहून फार लांब गाणे सहसा वाजवीत नसत. कंपनीतल्या जाणत्या लोकांनी ते कापावयास सांगितले. त्याने कापले नाही. आवाजांचे थर एकावर एक चढवून तीन माणसांचा मेळा उभा केला, त्यात ऑपेरा घातला, 'बिस्मिल्ला' हा शब्दही घातला. ते गाणे नऊ आठवडे इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर राहिले. आज वर्गात शिकवितात की, लोकांना काय हवे ते पाहून स्वतःस घडवा. या गाण्याच्या वेळी कोणी लोकांना विचारले असते तर ते झालेच नसते.

त्याची एकेक खूण पाहिली तर असेच दिसते. हातातला तो अर्धा दांडा, ज्यावर ध्वनिक्षेपक लावलेला असे, तो एका कार्यक्रमात मोडला आणि तसाच ठेवला, असे सांगतात. वरच्या जबड्यात चार दात जास्तीचे होते, त्यामुळे ओठ पुढे येत. हसताना तो ओठांनी दात झाकी. काढून मात्र घेतले नाहीत, कारण आवाज बदलेल ही भीती. एवढा रूपाचा शौकीन माणूस, पण रूप आणि आवाज यांत निवड करावयाची वेळ आली तेव्हा त्याने आवाज निवडला. आमच्या मते त्याच्या सबंध चरित्राची किल्ली या चार दातांत आहे. १९८० च्या सुमारास त्याने केस कापून मिशी ठेवली, तेव्हा चाहत्यांनी रंगमंचावर वस्तरे फेकले. त्याने मिशी ठेवलीच.

१३ जुलै १९८५ रोजी वेम्ब्लीच्या मैदानावर इथिओपियातील दुष्काळासाठी जो जलसा झाला, त्याची चित्रफीत आपण जरूर पाहा. उन्हात, ना रोषणाई ना धूर. अंगात साधा बिनबाह्यांचा सदरा. वीसेक मिनिटे वेळ. तो एक तान फेकतो आणि ७० हजारांवर माणसे ती परत करतात. आमच्या कीर्तनकार मंडळींना हा प्रकार पाहून नवल वाटणार नाही.

हे नाव नेहमी जपलेच असे मात्र नाही. १९८४ साली वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेत सन सिटी येथे जाऊन हे लोक गायले. जगाने बहिष्कार घातलेला असताना गेले. त्यांच्याच देशातील वादक-संघटनेने त्यांस दंड केला. स्वतःच्या कातडीमुळे नाव बदलावे लागलेल्या माणसाने तेथे जावे, हे आम्हांस आजही बोचते, आणि त्याचे समर्थन आम्ही करणार नाही.

शेवटची वर्षे ऐका. १९८७ च्या सुमारास त्यास एड्स असल्याचे कळले. ज्या नावाने आजवर त्यास झाकले त्यास आता त्यानेच झाकावयाचे होते. वृंदातील सोबत्यांनी मौन पाळले. केन्सिंग्टनमधील घराच्या भिंतीबाहेर वृत्तपत्रांचे छायाचित्रकार दिवसरात्र बसून असत. वाळलेल्या चेहऱ्याचे एक चित्र मिळाले की त्यांचा दिवस सार्थकी लागे. मे १९९१ मध्ये त्याने अखेरची चित्रफीत केली. चेहऱ्यावर रंगाचा जाड थर दिला, आणि आजार दिसू नये म्हणून ती कृष्णधवल ठेवली. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने स्वतःच्या नावे निवेदन काढून आजार जाहीर केला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो गेला. वय ४५.

अनेकांनी म्हटले की त्याने आधी सांगावयास हवे होते; त्याच्या शब्दाने कित्येक रुग्णांना धीर आला असता. या म्हणण्यात तथ्य आहे. पण त्या दिवसांत एड्सच्या रोग्याचा हात धरावयास लोक भीत, आणि मरणासन्न माणसाच्या दारात कॅमेरे रोखून बसलेल्यांनी तरी हा उपदेश करू नये.

अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केला. झगमगीत मर्क्युरीस अवेस्तातील प्रार्थनांनी निरोप मिळाला. तेथे तो पुन्हा फारोख झाला. पण नाव काही मेले नाही. ते आजही कमावते. २०२३ च्या सप्टेंबरात लंडनमध्ये त्याच्या घरातील वस्तूंचा लिलाव झाला. पियानोस १७ लाख पौंडांहून अधिक आले, ते एक वेळ समजू. पण मिशी विंचरावयाची चांदीची इवलीशी फणी, जिला चारशे ते सहाशे पौंड येतील असा अंदाज होता, ती दीड लाख पौंडांवर गेली! एकूण रक्कम चार कोटी पौंडांच्या घरात. मिशीवर वस्तरे फेकणाऱ्यांपैकी कोणी त्या लिलावात होते की काय, कोण जाणे.

एक गोष्ट तेवढी लिलावात आली नाही. त्याची रक्षा कोठे ठेवली आहे हे त्याच्या जिवाभावाच्या मैत्रिणीस, मेरी ऑस्टिनबाईंस, त्याने सोपवून ठेवले होते. बाईंनी ते आजवर कोणास सांगितलेले नाही. २०१३ साली लंडनच्या केन्सल ग्रीन दफनभूमीत एक लहानसा पत्रा लोकांच्या नजरेस पडला. त्यावर जन्ममृत्यूच्या तारखा होत्या आणि नाव होते फारोख बुलसारा. वृत्तपत्रांत बोभाटा झाला, गर्दी जमू लागली, आणि थोड्याच दिवसांत तो पत्रा तेथून नाहीसा झाला.

अध्यक्षमहाराजांची चिठ्ठी आली आहे. आमची वेळ संपली. तो शेजारचा मुलगा आज मागच्या रांगेत बसला आहे, आजीला घेऊन आला आहे. परतताना वाटेत त्याच्याशी आमचे राहिलेले बोलणे होईल.