झाकणाची साक्ष

(वडोदरा येथे मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



मी सरकारी आयटीआयमध्ये टूल अँड डाय मेकर या ट्रेडच्या मुलांना शिकवतो. कार्यवाहांनी भाषणाचा विषय विचारला, तेव्हा मी ‘झाकण’ म्हणालो. त्यांना ती थट्टा वाटली. पण बाप्पाला अत्तर लावायचे तर आधी कुपीचे बूच काढावे लागते, आणि हळदीकुंकवाला गुलाबदाणी शिंपडते ती तिच्या छिद्रे पाडलेल्या टोपणातूनच. सुगंधाचा कारभार झाकणावर चालतो.

झाकणाची कामे तीन. आतले बाहेर जाऊ न देणे, बाहेरचे आत येऊ न देणे, आणि आपल्याआधी कोणी उघडले असेल तर तशी साक्ष देणे. पहिली दोन सर्वांना ठाऊक आहेत. तिसऱ्याकडे आपण पाहत नाही, आणि फसतो तिथेच.

अत्तराच्या जुन्या काचेच्या कुपीचे बूच त्याच कुपीच्या तोंडात घासून बसवलेले असते. त्यामुळे दोन बुचे दिसायला सारखी असली तरी एकाचे दुसऱ्याला घट्ट बसत नाही. घरात आजीच्या वेळच्या कुप्या असतील, तर धुताना बुचांची अदलाबदल होऊ देऊ नका.

पुढे आट्यांची झाकणे आली. तेलाच्या, शांपूच्या बाटलीची मान कारखान्यात ‘२४-४१०’ अशा आकड्यांनी ओळखतात. २४ म्हणजे आट्यांसकट मानेची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ४१० म्हणजे आट्यांचा दीड फेरा. ४०० असेल तर एक, ४१५ असेल तर दोन. एका बाटलीचा पंप दुसरीला बसतो आणि तिसरीवर नुसताच फिरतो, त्याचे कारण हे आकडे.

पुष्कळांना वाटते की आटे गळती थांबवतात. आटे फक्त दाब देतात. गळती थांबवते ती झाकणाच्या आतली पांढरी चकती, किंवा चकती नसेल तर आतली प्लास्टिकची कड. ती चकती ‘कचरा’ म्हणून काढून टाकू नका. नेलपॉलिशचेही तसेच. मानेवर वाळलेला रंग राहिला की झाकण टेकत नाही आणि आतले पॉलिश घट्ट होते. बंद करण्याआधी मान पुसून घ्यावी, इतकेच.

मुलांना मी पहिल्या आठवड्यात विचारतो, आत आटे असलेले झाकण साच्यातून बाहेर कसे येते? सरळ ओढले तर आटे अडकतील. उत्तरे दोन. पॉलिप्रॉपिलीन लवचिक असते, म्हणून आटे बुटके असले तर झाकण जोराने ढकलून काढता येते. नाहीतर साच्याचा आतला गाभाच गिअरने उलटा फिरवून बाहेर घ्यावा लागतो. शिवाय हे प्लास्टिक थंड होताना साधारण दीड टक्का आकसते. २४ मिलिमीटरला ते सुमारे ०.३६ मिलिमीटर होते, आणि आट्याची उंची असते जेमतेम एक मिलिमीटर. हा हिशेब चुकला की प्रवासात पेटीतल्या साड्यांना तेल लागलेच म्हणून समजा.

हा उद्योग आपल्यापासून दूर नाही. पॉलिप्रॉपिलीनचा दाणा आपल्या शहराजवळच्या पेट्रोकेमिकल संकुलात तयार होतो. जंबुसर आणि कोसंबा इथल्या काचकारखान्यांत सेंटच्या आणि नेलपॉलिशच्या बाटल्या होतात.

आता सेंटच्या स्प्रेकडे येऊ. वरचे जड, चकचकीत टोपण हातात घेतले की वस्तू भारी वाटते. त्यासाठी ते कधी जस्ताच्या मिश्रधातूचे करतात, कधी आत वजन बसवतात. पण ते टोपण बाटली बंद करत नाही. ते स्प्रे चुकून दाबला जाऊ नये म्हणून आणि शोभेसाठी असते. बाटली बंद करते ती त्याखालची ॲल्युमिनियमची कॉलर. बऱ्याच सेंटच्या बाटल्यांना आटे नसतातच. पंप बसवून ही कॉलर यंत्राने मानेभोवती आवळतात. एका दाबाला साधारण ०.१ मिलिलिटर सेंट बाहेर येते आणि तेवढी हवा आत जाते.

ही हवा कालांतराने नडते. लिनालूल आणि लिमोनीन ही पुष्कळ सुगंधांत असणारी द्रव्ये. त्यांचा प्राणवायूशी संयोग झाला की त्वचेला ॲलर्जी करणारे पदार्थ तयार होतात. म्हणून बाटली उन्हात ठेवू नये, आणि वास किंवा रंग बदललेले सेंट अंगाला लावू नये.

तिसरे काम साक्षीचे. माझ्या मावसबहिणीने एका दुकानातून नामांकित सेंट ‘अर्ध्या किमतीत’ आणले. दोन दिवसांत मानेवर लाल चट्टे उठले आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे लागले. बाटली खरी होती, खोकेही खरे होते. मी वरचे टोपण काढून पाहिले, तर कॉलरवर पकडीचे ओरखडे होते आणि ती एका बाजूला तिरकी बसली होती. कारखान्याच्या यंत्राने आवळलेली कॉलर चहूबाजूंनी सारखी असते. रिकाम्या बाटलीत दुसरेच काहीतरी भरले होते. काच, लेबल, खोके सगळे खोटे बोलले. खरे बोलली ती कॉलर.

तेव्हा तीन गोष्टी लक्षात ठेवा. महाग सेंट घेताना टोपण काढून कॉलर पाहा. बॅच क्रमांक आणि कधीपर्यंत वापरायचे ती तारीख पाहा; देशी मालावर उत्पादन परवान्याचा क्रमांक, परदेशी मालावर आयातदाराचे नाव आणि नोंदणी क्रमांक असायला हवा. बिल घ्या. आणि तिसरी गोष्ट सर्वांत सोपी. रिकामी बाटली खोक्यासकट भंगारवाल्याला देऊ नका. खोके फाडा, लेबल खरवडा, पंप मोडून टाका. आपण धडधाकट दिलेली बाटली उद्या दुसऱ्या कोणाच्या लेकीच्या आहेरात जाऊ शकते.

माझ्या हाताखालून गेलेली मुले आज अशीच झाकणे करतात. त्यांच्या कामावर कोणाचे नाव छापलेले नसते. निदान टोपण उघडताना क्षणभर त्यांची आठवण ठेवा.

गणपती बाप्पा मोरया!