लहान मुशी : बियाणे राखा, पीक टिकेल

(मच्छीमार-शेतकरी मेळाव्यातील भाषण)



घरात कितीही ओढाताण असली तरी शहाणा शेतकरी बियाण्याच्या कणगीला हात लावत नाही. समुद्रातल्या पिकालाही हाच नियम लागू पडतो. आज आपण बाजारात नेहमी दिसणाऱ्या लहान मुशीची माहिती घेऊ. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकलेल्यांना ती ‘स्कोलिओडॉन’ या नावाने ठाऊक असेल.

मुशी म्हणजे शार्कच. ही जात मात्र पाऊण मीटरपेक्षा मोठी होत नाही. तिचे नाकाड फावड्यासारखे चपटे असते. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात ती थव्याने राहते. कोळंबी व लहान मासे खाते. म्हणूनच डोल आणि ट्रॉल या दोन्ही जाळ्यांत ती सापडते.

बहुतेक मासे हजारो-लाखो अंडी घालतात. ही मुशी मात्र गाई-म्हशींप्रमाणे पिलांना जन्म देते. तिचे अंडे जेमतेम १ मि.मी. असते. त्यात बलक फारच थोडा, म्हणून गर्भाचे पोषण वारेतून होते. ५ ते ६ महिन्यांनी ती विते आणि एका वेळी साधारण ६ ते १८ पिले होतात. जन्मतः पिलू १२ ते १५ सें.मी. असते. मादी ३३ ते ३५ सें.मी. झाल्यावर वयात येते. म्हणजे गाभण मादी जाळ्यात आली की सारे वेतच गेले.

इतर शार्कपेक्षा ही जात लवकर वाढते, म्हणून आजवर टिकली. तरीही जागतिक यादीत तिची नोंद ‘निअर थ्रेटन्ड’, म्हणजे धोक्याच्या उंबरठ्यावर, अशी आहे. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. परंतु मुशी बारमाही विते. केवळ या दोन महिन्यांनी तिचे रक्षण होत नाही.

यासाठी पुढील गोष्टी कराव्यात :

१) ट्रॉलच्या खोलाला ४० मि.मी.पेक्षा बारीक आस वापरू नये. चौकोनी आस लावावा.

२) जिवंत पिले व गाभण माद्या ताबडतोब पाण्यात सोडाव्यात.

३) पिलांचे थवे दिसतील तेथे जाळे टाकू नये.

४) ग्राहकांनी वीतभर मुशी विकत घेऊ नये. मागणी थांबली की ती पकडणेही कमी होईल.

५) नोव्हेंबर २०२३ पासून ‘सायटीस’ करारानुसार या कुळातील शार्कच्या निर्यातीस परवाना लागतो, हे व्यापाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

आज सोडलेले पिलू एक-दोन वर्षांत वयात येईल. बियाणे राखले तरच पुढच्या हंगामात टोपली भरेल.