चित्रपटाचा बोध कसा पारखावा?

(धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांपुढे दिलेले भाषण)

धम्मदीक्षेनंतर आपल्या घरांतून देवादिकांच्या तसबिरी उतरल्या, पोथ्या गेल्या. परंतु घरात कथा येण्याचे थांबलेले नाही. आज ती चित्रपटाच्या रूपाने येते व मुलाबाळांच्या मनावर संस्कार करून जाते. म्हणून तिचा बोध पारखून घेणे अगत्याचे आहे. केवळ ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा सांगणारा थोर आहे म्हणून काही मानू नका. ते हितकर की अहितकर हे स्वतः पाहा, असाच उपदेश भगवान बुद्धांनी कालामांना केला होता.

चित्रपटात जे घडते ते कथानक. ज्या प्रश्नाभोवती ते घडते तो विषय. आणि त्या प्रश्नाला शेवटी जे उत्तर मिळते तो बोध. हा बोध केवळ पात्रांच्या तोंडच्या भाषणांत शोधू नका. आम्ही वकील साक्षीदाराचे शब्द त्याच्या वर्तनाशी ताडून पाहतो. तद्वत चित्रपटाचे बोलणे त्याच्या शेवटाशी ताडून पाहा. किंमत कोणी मोजली? आणि बदलावे कोणाला लागले?

1936 साली ‘अछूत कन्या’ हा चित्रपट आला. रेल्वेच्या फाटकवाल्याची मुलगी कस्तुरी व ब्राह्मण तरुण प्रताप यांची ती कथा. त्या काळी असा विषय हाती घेणे धैर्याचेच होते. परंतु शेवटी रेल्वेखाली प्राण जातो तो कस्तुरीचा. तिच्या त्यागाची थोरवी गाइली जाते; जात मात्र जागच्या जागीच राहते.

1959 सालच्या बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’त नायिका ब्राह्मण घरात वाढते, पण ती मुलगी नव्हे, मुलीसारखी. तिला वाढविणाऱ्या चारूचा जीव सुजाताच्या रक्ताने वाचतो, तेव्हा कोठे चारू तिला आपली मानते. चित्रपट कनवाळू आहे, हे मी नाकारीत नाही. परंतु मी विचारतो, रक्त दिले नसते तर? ती माणूस नव्हती काय? 26 जानेवारी 1950 रोजी अमलात आलेल्या संविधानाने कलम 17 अन्वये अस्पृश्यता नष्ट केली. त्या कलमात त्यागाची अट नाही, उपकाराची नाही, सद्वर्तनाच्या दाखल्याचीही नाही. हक्क आणि दया यांत हाच भेद आहे.

आता नागराज मंजुळे यांचा 2013 चा ‘फँड्री’ पाहा. कैकाडी कुटुंबातील शाळकरी जब्या गावासमोर डुक्कर पकडण्याची अवहेलना सोसतो. डुक्कर वाहून नेणारे हे कुटुंब ज्या भिंतीवरून जाते, तीवर बाबासाहेबांचे चित्र आहे. शेवटी जब्या दगड भिरकावतो, तो थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो. येथे उपदेशाचे भाषण नाही. तरी बदलावयाचे कोणी, हे उत्तर स्पष्ट आहे. जब्याला आपली लायकी सिद्ध करावयाची नाही. जबाब द्यावयाचा आहे तो पाहणाऱ्याने.

बंधुभगिनींनो, चित्रपट अवश्य पाहा, मुलांनाही दाखवा. परंतु तो संपल्यावर त्यांना जवळ बसवून वरील दोन प्रश्न विचारा. आपल्या मुलीने सुजातासारखे सोशिक व्हावे हा बोध घरात शिरू देऊ नका. जी मुलगी पडद्यावरील कथेला जाब विचारावयास शिकते, ती उद्या शाळेत, कचेरीत व न्यायालयात आपला हक्क मागताना मान खाली घालणार नाही.

जयभीम.