न्यूमोनियाची लस : आधी कोणाला?



दसरा झाला की आपल्या धाराशिव जिल्ह्यातील कळंब, वाशी, भूम भागातून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. तान्ही मुले आईबरोबर कोपीत, गावी उरतात म्हातारी माणसे आणि थोरली नातवंडे. न्यूमोकोकस हा जंतू दाटीत, खोकल्या-शिंकेच्या तुषारांतून पसरतो. पुष्कळदा तो लेकरांच्या नाका-घशात मुकाट बसून असतो आणि गाठतो आजोबांना.

ही लस पारखली गेली तीही मजुरांवरच. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींवर परमुलखातून आलेले मजूर न्यूमोनियाने मरत, म्हणून १९११ साली आल्म्रोथ राइट यांनी तेथे लसीचा प्रयोग केला. पुढे १९७०च्या दशकात रॉबर्ट ऑस्ट्रियन यांनी खाणकामगारांमध्येच नव्या लसीचा गुण सिद्ध केला व १९७७ साली अमेरिकेत तिला परवाना मिळाला. ज्यांच्या दंडावर लस पारखली, तशाच कष्टकऱ्यांना आज ती परवडू नये, हे आम्हांस खटकते.

आपल्याकडे बालकांना ही लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली; दीड महिना, साडेतीन महिने व नववा महिना अशा तीन मात्रा मोफत मिळतात. प्रौढांना मात्र पदरमोड करावी लागते.

मग सर्वांनीच करावी काय? मुळीच नाही. विशी-तिशीतल्या धडधाकट तरुणाला तिची सहसा गरज नसते. पासष्टी गाठलेले, आणि वय कमी असले तरी मधुमेह, हृदय, फुफ्फुस, यकृत वा मूत्रपिंडाचा जुनाट विकार, कर्करोग, एचआयव्ही असलेले, प्लीहा काढलेले, यांचा हक्क आधी. बिडी ओढणारेही याच रांगेत येतात. काही मंडळी आताच खाली पाहू लागली आहेत!

लस प्रत्येक न्यूमोनिया रोखत नाही. जंतू रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात शिरण्याचा धोका मात्र ती बराच कमी करते. तेवीस प्रकारच्या न्यूमोकोकसवरील जुनी लस आहे, तशा नव्या संयुग्म लसीही आहेत. कोणती घ्यावी, पुन्हा घ्यावी का, हे डॉक्टरांनाच विचारावे.

संस्थेच्या निधीतून सरसकट शिबिर भरवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. विद्यार्थ्यांनी घरोघर जाऊन वृद्धांचे वय, आजार आणि पूर्वीची लस यांची यादी करावी. ती प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना दाखवावी, मगच पैसा काढावा. त्याच फेरीत तान्ह्यांची लसीकरण कार्डेही पाहावीत. फडावर गेलेल्या लेकरांचा नवव्या महिन्याचा डोस राहून जाऊ शकतो. टोळ्या निघण्याआधी, म्हणजे दसऱ्याच्या आत, हे काम उरकायला हवे.