केसपेपरवर काम लिहा



आशाताईंना छातीच्या जुनाट रोगांचं काय शिकवावं, यावर बोल म्हणालात. मी डॉक्टर नाही, मॅट्रिक झालेला गोदी कामगार. पण सिमेंटची, गंधकाची, धान्याची धूळ मला पुस्तकात वाचावी लागली नाही.

आपल्या वस्तीत खोकल्याला एकच नाव, टीबी. दोन आठवड्यांवर खोकला गेला तर थुंकी तपासलीच पाहिजे, त्यात हयगय नको. पण थुंकीत काही निघालं नाही तर? कफ सिरपची बाटली, चालू लाग. माणूस जिना बसत बसत चढतो, म्हणतो वय झालं. वय कसलं, 42! श्वासनळ्या आकसल्यात. त्याला स्पायरोमीटर लागतो. जीव खाऊन फुंकायचं. औषध ओढल्यावरही पहिल्या सेकंदात एकूण हवेच्या 70 टक्क्यांपेक्षा कमी बाहेर पडली, तर सीओपीडी. अर्धवट फुंकलं की मशीनही खोटं बोलतं, म्हणून फुंकून घेणारा तयार पाहिजे.

पंपाची सवय लागते, ही अफवा. गोळीपेक्षा कितीतरी कमी औषध, थेट छातीत. पण आधी श्वास पूर्ण सोडायचा, दाबताना सावकाश ओढायचा, दहा मोजेस्तोवर रोखायचा. स्टेरॉइड असेल तर चूळ भरायची. हे नुसतं सांगून भागत नाही, दर खेपेला पेशंटकडून करून घ्यावं लागतं.

आता खरी गोम. बिडीला हात न लावलेल्या बाईलाही चुलीच्या धुरानं हा रोग होतो. आणि कामानं होतो. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात आपल्या आज्याला घेत नव्हते, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, विटाळ होई! 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला. आज्याचं तोंड चालत नव्हतं, कापसाची धूळ गिळायला फुफ्फुस मात्र चालत होतं. सुट्टी संपवून कामावर गेलं की त्याच दिवशी छाती आवळते, तो बिसिनोसिस. तो आणि दगडाच्या धुळीचा सिलिकोसिस, दोन्ही नुकसानभरपाईच्या कायद्याच्या यादीत आहेत. केसपेपरवर नुसतं 'दमा' लिहिलं की भरपाई बुडाली.

1700 साली इटलीतल्या रामाझ्झिनी नावाच्या डॉक्टरानं लिहून ठेवलं, पेशंटला धंदा विचारा. आशाताईंच्या फॉर्मात धूर-धुळीचा प्रश्न आहे म्हणा. वीटभट्टी, काचकारखाना, टिक करा, पुढं चला. कुठली धूळ, किती वर्षं, तोंडाला फडकं तरी होतं का, हे विचारायला कोण शिकवणार?

आणि हे ओझं जिच्या डोक्यावर द्यायचं, ती 2005 पासून 'स्वयंसेविका'. पगार नाही, मोबदला. जून 2021 मध्ये, कोविडच्या धामधुमीत, महाराष्ट्रातल्या आशांना संप करावा लागला. तिला दोन तास बसवून, वडापाव देऊन, फोटो काढून धाडलं तर मशीन कपाटातच सडणार. शिकवायचे दिवस भरपगारी धरा, ही मागणी तिच्याबरोबर आपणही लावून धरायची.

तोवर रविवारी धापवाल्यांची यादी कराल, तेव्हा नावापुढं एक रकाना ठेवा : काम. माझ्या पाळीतल्यांची नावं मी आणतो.