कोरियातल्या पोरांची गाणी आणि आपल्या पोरी

आज बचत, कर्ज, हप्ता यातलं काही बोलायचं नाही. आज आम्ही गाण्यांवर बोलणार आहोत, आणि तीही कोरियाच्या. हसू नका. आधी आम्हीही हसलोच होतो.

झालं असं. २०२० ची दिवाळी होऊन महिना झाला होता. आमच्या गटातल्या एकीची मुलगी अकरावीला होती. कॉलेज बंद, दिवसभर कानात हेडफोन. आई मीटिंगला आली की एकच रडगाणं : "ती रंगवलेल्या केसांची पोरं बघत बसते. भाषा कळत नाही, आणि ऐकता ऐकता डोळे पुसते." एकदा रागाच्या भरात आईनं मोबाईल काढून घेतला. पोरगी दोन दिवस धड जेवली नाही. तेव्हा आम्ही म्हटलं, आधी ऐकून तर बघू. पुढच्या मीटिंगला तिलाच बोलावलं. "ये गं, बस. सांग आम्हाला, काय आहे ते."

तिनं सांगितलं ते असं. दक्षिण कोरियाची राजधानी सोल. तिथं २०१३ साली सात मुलांचा बॅण्ड पुढे आला, बीटीएस. आरएम, जिन, शुगा, जे-होप, जिमिन, व्ही आणि जंगकूक. २०१८ मध्ये त्यांचा एक अल्बम अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या यादीत पहिला आला. त्याआधी कोरियाचा एकही अल्बम तिथवर पोचला नव्हता. २०२० च्या एप्रिलमध्ये सोलच्या ऑलिम्पिक स्टेडियमपासून त्यांचा जगाचा दौरा सुरू होणार होता. पण फेब्रुवारीत कोरियात कोरोना पसरला आणि सोलचे चारही कार्यक्रम रद्द झाले.

शुगा डेगू शहरातला. तेव्हा साथीचा जोर तिथंच जास्त होता. त्यानं मदतीसाठी १० कोटी वोन दिले. वोन म्हणजे तिकडचं चलन. ते बघून कितीतरी चाहत्यांनी तिकिटाचे परत मिळालेले पैसे घरी न नेता मदतीलाच दिले. हे ऐकून आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "म्हणजे ह्यांचाही गटच की गं!"

काम बंद पडलेल्या त्या सात जणांनी मग नवा अल्बम करायला घेतला. २० नोव्हेंबर २०२० ला तो आला. नाव 'बी'. आपलं पेरायचं बी नव्हे. इंग्रजीत त्याचा अर्थ 'असणं'. कामं त्यांनी आपापसांत वाटून घेतली. गाण्यांचं सगळं जुळवून आणण्याचं काम जिमिनकडे, फोटो आणि दिसण्याची बाजू व्हीकडे, आणि मुख्य गाण्याचा व्हिडिओ जंगकूकनं दिग्दर्शित केला.

अल्बममध्ये सात गाणी आहेत आणि एक नुसत्या गप्पांचा तुकडा. पहिलं गाणं 'लाइफ गोज ऑन'. सगळं अचानक थांबलं, तरी जगणं पुढे चालूच आहे, असा त्याचा आशय. व्हिडिओत ही पोरं घरात लोळताना, गाडीतून फिरताना दिसतात. नाच नाही, झगमगाट नाही. 'ब्लू अँड ग्रे' हे व्हीनं सुरू केलेलं गाणं आतल्या उदासीचं आहे. सगळं ठीक असल्याचा आव त्यात नाही. आणि 'डिसीज' नावाचं गाणं, ज्यात जे-होपचा मोठा वाटा आहे, ते काम नसलं की जीव कसा अस्वस्थ होतो, विश्रांती घेतली तरी चुकल्यासारखं कसं वाटतं, त्याविषयी आहे.

पोरीनं याचा अर्थ सांगितला आणि बैठकीत कोणी बोलेना. अंगात ताप असला तरी उठून भाकरी थापणाऱ्या आम्ही. दुपारी अर्धा तास आडवं झालं तरी कोणी बघेल म्हणून दचकून उठणाऱ्या. हा आजार कोरियातल्या पोरांनाही असतो, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

आता या अल्बमचं पुढे काय झालं ते ऐका. अमेरिकेत अल्बमांच्या यादीत 'बी' आणि गाण्यांच्या यादीत 'लाइफ गोज ऑन', दोन्ही एकाच आठवड्यात थेट पहिल्या क्रमांकावर आले. कोणत्याही बॅण्डला आधी हे जमलं नव्हतं. गाण्यांच्या त्या यादीच्या ६२ वर्षांत मुख्यतः कोरियन भाषेतलं गाणं प्रथमच पहिलं आलं. आम्ही रेडिओवरून बोलतोय म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. तिथल्या रेडिओनं हे गाणं फारच कमी वाजवलं. चाहत्यांनी ते विकत घेतलं, म्हणून ते वर गेलं. पुढच्याच आठवड्यात ते २८ व्या क्रमांकावर उतरलं. मग लोक म्हणाले, ही चाहत्यांच्या एकीची कमाई, गाण्याची नव्हे. आम्हाला वाटतं, एकी होती हे खरं, पण मनाला न भिडलेल्या गाण्यासाठी एवढे लोक एकत्र येत नाहीत.

पैशाचं मात्र स्पष्ट बोलू. या अल्बमांमध्ये कलाकारांची फोटोकार्डं घालतात. कुणाचं निघेल ते आधी कळत नाही. मग आवडत्याचं कार्ड मिळावं म्हणून चाहते एकच अल्बम चार-चारदा घेतात. आमच्या पोरीलाही तो हवा होता. बाहेरून मागवायचा तर खर्च आपल्या महिन्याच्या बचतीच्या कितीतरी पट. तिला रागावलो नाही. हिशोब तिच्यापुढे मांडला. तीच म्हणाली, "काकू, गाणी मोबाईलवर ऐकता येतात. अल्बम मी माझ्या कमाईचा घेईन."

मग तिच्या आईनं विचारलं, "रडतेस ते कुठल्या गाण्याला?" ती म्हणाली, "ब्लू अँड ग्रे." आणि मग जे आतापर्यंत बोलली नव्हती ते बोलली. कॉलेज बंद आहे म्हणून घरात स्थळाची बोलणी चालू होती. तिनं ती भिंतीआडून ऐकली होती. वय सोळा. कुणाला सांगायचं तिला कळत नव्हतं. आईला वाटत होतं, पोरगी मोबाईलनं बिघडली.

त्या संध्याकाळी आम्ही चौघी तिच्या घरी गेलो. भांडायला नाही, चहा प्यायला. वडिलांशी बोललो. अठरा पूर्ण होण्याआधी मुलीचं लग्न लावणं गुन्हा आहे, हेही सांगितलं. पहिल्या दिवशी ते गप्पच राहिले. दुसऱ्यांदा गेलो, तिसऱ्यांदा गेलो. बारावी होईपर्यंत विषय काढायचा नाही, असं शेवटी ठरलं. ती बारावी झाली. पुढे बीएला गेली.

मैत्रिणींनो, बीटीएसची गाणी तुम्हाला आवडलीच पाहिजेत असं नाही. आमच्या मावशींना अजूनही ओवीच गोड लागते. पण या आठवड्यात घरातल्या पोरीशेजारी बसा आणि म्हणा, "तू काय ऐकतेस ते मला ऐकव." अर्थ तिलाच विचारा. मध्ये बोलू नका. तिच्या बोलण्यात लग्नाची भीती किंवा दुसरा कसला त्रास निघाला, तर गटात सांगा. लहान मुलामुलींसाठी १०९८ हा फोन नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो. तो दाराच्या मागे खडूनं लिहून ठेवा.

पुढच्या आठवड्यात पुन्हा हिशोबाच्या वहीवर बोलू.